बुडालेल्या जहाजावर लिंग मासा: नांगर टाकून बसावं की वाहत जावं?

खोलपाणी

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या प्लिमथच्या दक्षिणेला साधारण २० सागरी मैलांवर एका बुडालेल्या जहाजावर खास लिंग माशासाठी (ling, वामीसारखा लांब समुद्री मासा) जायचं ठरतंय. तिथे खोली ७० मीटर आहे. इको साउंडरवर (खोली दाखवणारं यंत्र) सांगाडा तळापासून ७-८ मीटर उंच दिसतो, रुंदी १४-१५ मीटर, आणि तो उत्तर-दक्षिण पडलेला आहे. बोट साडेसहा मीटरची, प्लॉटर (बोटीची जागा दाखवणारा नकाशा-पडदा) आहे, बोटीवर तिघे असतील.

आतापर्यंत अशा जागी फक्त वाहत जाऊन पोलॅक माशासाठी रबरी मासोळ्या वापरल्या आहेत. लिंगसाठी शिसं तळाला न्यावं लागतं आणि तिथेच सगळं बिघडतं: शिसं अडकतं, पूर्ण जोडणी तुटून जाते, किंवा मासा आमिष धरतो आणि दुसऱ्याच क्षणी खाली घट्ट बसतो.

नांगर टाकणं बरं की वाहत जाणं? ट्रेस (गळाला जोडलेला दोराचा शेवटचा तुकडा) तारेचा हवा का? आणि लहान मासा आला तर काय करायचं? नेमके आकडे सांगितले तर फार उपयोग होईल.

---

नांगरदोर

तुमचा सांगाडा उत्तर-दक्षिण आहे, आणि इंग्लिश चॅनलमध्ये तिथला प्रवाह ढोबळमानाने पूर्व-पश्चिम धावतो. म्हणजे जहाज प्रवाहाला आडवं पडलंय. नांगरासाठी ही उत्तम गोष्ट, वाहत जाण्यासाठी तितकीशी नाही. हिशोब करून बघा: एक नॉट म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. १४ मीटर रुंदी ओलांडायला २८ सेकंद लागतात. एका फेरीत आमिष जहाजावर जेमतेम अर्धा मिनिट राहतं, आणि त्यातही ते बहुतेक वेळ जहाजाच्या वर असतं, पायथ्याशी नाही. पोलॅक वर उठून मागे लागतो, त्याला अर्धा मिनिट पुरतं. लिंग खालीच, फटीत किंवा पायथ्याशी असतो. प्रवाहामुळे सांगाड्याभोवतीची वाळू खरवडून निघते आणि कडेने एक खळगा तयार होतो. मोठे मासे तिथेही पडून असतात. आमिष त्या खळग्यात टिकवायचं आहे. जहाजाच्या आत नाही, जहाजाच्या पायाशी. शिसं हरवणं आणि मासा खाली बसणं या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा बोटीच्या जागेत असतं, दोर-गळात नाही.

म्हणून नांगर. पण केव्हा? भांगाच्या भरतीत, म्हणजे ओढ कमी असते तेव्हा. उधाणाच्या दिवसांत प्रवाह इतका ओढतो की किलोभराचं शिसंही तळाला टिकत नाही, आणि पाणी थांबतं ते जेमतेम २०-३० मिनिटं. अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस बघून तारीख ठरवा. बंदरातल्या पूर्ण भरतीची वेळ आणि वीस मैल बाहेर प्रवाह थांबण्याची वेळ एक नसते. ती अॅडमिरल्टीच्या (ब्रिटिश सागरी) नकाशावरच्या प्रवाह-चौकटीतून किंवा प्रवाहाच्या अॅटलासमधून काढा. यात चूक झाली तर बाकी सगळं बरोबर असून दिवस वाया जातो.

जागा धरायची ती अशी. आधी सांगाड्यावरून दोन-तीनदा वेगवेगळ्या दिशांनी जाऊन त्याची दोन्ही टोकं आणि सर्वांत उंच भाग प्लॉटरवर खुणा करून घ्या. मग इंजिन न्यूट्रलला टाकून दहा मिनिटं बोट सोडून द्या. प्लॉटरवर जी रेघ उमटेल तिच्यात वारा आणि प्रवाह दोन्ही आले. नांगरावर बोट साधारण त्याच रेघेवर उभी राहते. ही रेघ सांगाड्यापासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला वाढवायची आणि तिच्यावर नांगराची जागा काढायची.

अंतर: खोलीच्या तिप्पट दोर सोडायचा, म्हणजे २१० मीटर. दोर तिरका जातो, त्यामुळे आडवं अंतर २१० भरत नाही, १९८ मीटरच्या आसपास येतं. शिवाय शिसं बोटीच्या मागे २०-३० मीटर जाऊन बसतं. म्हणजे नांगर सांगाड्यापासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला २२०-२२५ मीटरवर. नांगर पकड घेईपर्यंत थोडा घसरतो, आणि दोरालाही बाक येतो, त्यामुळे पहिल्या वेळी हा आकडा तंतोतंत जुळणार नाही. दोर १८० मीटरवर बांधून सुरुवात करा आणि थोडा थोडा सोडत मागे या. बोट मागे सरकवणं सोपं आहे. सांगाड्याच्या पलीकडे गेलात तर सगळं उचलून पुन्हा.

जागा बरोबर आहे हे शिसंच सांगतं. तळाला टेकल्यावर दोर थोडा थोडा सोडत शिसं मागे उड्या मारत न्या. वाळूवर ते मऊ बसतं. लोखंडाला लागलं की रॉडच्या टोकात कडक ठण्ण जाणवतं. तिथे थांबा, रीळाचे तीन-चार फेरे मागे घ्या. तेच तुमचं अंतर. दोरावर खूण बांधून ठेवा.

---

सातवा_गळ

नांगराबद्दल वर आलंच आहे, मी जोडणीचं लिहितो.

रॉड ३० पौंड क्लासचा, सहा-सात फुटी. मल्टिप्लायर रीळ, त्यावर ५० पौंडी ब्रेडेड (विणलेला) दोर किमान ३०० मीटर. ७० मीटर खोलीला जाडा मोनो (एकपदरी नायलॉन) नको, प्रवाह त्याला धनुष्यासारखा वाकवतो आणि दुप्पट शिसं लागतं. मात्र ब्रेडेडच्या टोकाला ८-१० मीटर ६० पौंडी मोनो जोडा. ब्रेडेड ताणला जात नाही, मासा मान झटकतो तेव्हा गळ तोंडातून फाडून निघू शकतो. हा मोनोचा तुकडा ते झटके खातो, शिवाय लोखंडावर घासला तर ब्रेडेडपेक्षा जास्त टिकतो.

मोनोवर सरकता स्लायडर, त्याखाली मणी, मग मजबूत स्विव्हल (फिरती कडी) आणि ट्रेस. ट्रेसची तार विसरा. लिंगचे दात अणकुचीदार असतात हे खरं, पण १०० पौंडी मोनो पुरतो. तार एकदा पिळली की तिथेच तुटते आणि आमिष ताठ, अनैसर्गिक लटकतं. तुमच्या जागी काँगर वाम असणारच, तेव्हा १५० पौंडी घ्या. लांबी ६०-७० सेंटिमीटर. यापेक्षा लांब ठेवलात तर प्रवाह आमिष आत, लोखंडात नेऊन घालतो. गळ ८/० मापाचा, एकच. इतक्या जाड मोनोला गाठ नीट बसत नाही, दोन्ही टोकांना क्रिंप (दाबून बसवायची धातूची नळी) लावा. क्रिंपची कड दाबू नका, मधला भागच दाबा. कड दाबली की ती मोनोत रुतते आणि ऐन वेळी तिथेच तुकडा पडतो. प्रत्येक माशानंतर गळाजवळच्या १०-१५ सेंटिमीटरवरून नख फिरवा. खरबरीत लागलं तर ट्रेस बदला, विचार करत बसू नका.

आता अडकण्याचं. शिसं स्लायडरला थेट लावू नका. मध्ये २० पौंडी साध्या मोनोचा २०-२५ सेंटिमीटरचा तुकडा बांधा. लोखंडात अडकतं ते बहुतेक वेळा शिसंच. ताण दिला की हा कच्चा तुकडा तुटतो, शिसं जातं, पण गळ आणि त्यावरचा मासा वर येतो. शिसं प्रवाहाप्रमाणे ४५० ते ९०० ग्रॅम. तिघांकडे मिळून दहा-बारा जादा ठेवा.

सगळंच अडकलं तर ब्रेडेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, तो हाडापर्यंत कापतो. लाकडी दांड्याला पाच-सहा वेढे घ्या आणि ओढा. बोटीच्या खुंट्याला बांधायचं असेल तर फक्त संथ पाण्यात, आणि लाट वर उचलते आहे का ते बघून.

मासा खाली बसतो त्याचं कारण बहुधा हे: चावा जाणवला की लोक रॉड जोरात झटकतात. माशाच्या तोंडात तेव्हा आमिषाचं टोक असतं. लिंगचा चावा दोन-तीन जाड ठोसे देतो, मग दोर जड होतो किंवा पुढे सरकतो. रॉडचं टोक खाली नेऊन थोडी ढील द्या. दोर जड झाला की झटका न देता रीळ फिरवत राहा, वजन पूर्ण अंगावर आलं की रॉड वर घ्या आणि थांबू नका. पहिले दहा फेरे निर्णायक. एका फेऱ्याला ६०-७० सेंटिमीटर दोर येतो, म्हणजे दहा फेऱ्यांत मासा सहा-सात मीटर वर, सांगाड्याच्या जवळपास बाहेर. त्या वेळी ड्रॅग (रीळाचा ब्रेक) ७ किलोच्या आसपास घट्ट हवा. आधी बोटीवर स्प्रिंगच्या काट्याने ओढून मोजून ठेवा, अंदाजाने नाही. मासा मोकळ्या पाण्यात आला की ड्रॅग जरा सैल करा. अर्ध्या वाटेपर्यंत तो दोन-तीनदा खाली बुडी मारेल. तिथे घाई केली तर गळ फाटतो.

रॉड कठड्यावर टेकवून गप्पा मारत बसणं हे या माशासाठी सर्वांत वाईट. रॉड हातातच हवा.

---

माकूलवाला

आमिषाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं.

ताजा मॅकरेल, फ्लॅपर पद्धतीने कापलेला. शेपटीकडून कण्याच्या दोन्ही बाजूंनी डोक्यापर्यंत सुरी न्यायची, कणा डोक्यामागे तोडून शेपटीसकट काढून टाकायचा. डोकं आणि दोन मोकळे लटकते काप उरतात. गळ खालच्या जबड्यातून वर काढून डोक्याच्या कडक भागातून बाहेर, टोक पूर्ण उघडं. मऊ मांसात गळ पुरला की आमिष उतरता उतरता घसरून गळाच्या टोकावर गोळा होतं, मग मासा धरतो पण अडकत नाही.

कणा का काढायचा? तो ठेवला तर मासोळी ताठ राहते आणि खाली जाताना पंख्यासारखी गरगरते. ट्रेस मुख्य दोराभोवती पिळला जातो आणि तळाला पोचेपर्यंत गुंता तयार. त्यामुळे स्पूलवर अंगठा ठेवून हळू उतरवा. ७० मीटर उतरायला मिनिटभर लागलं तरी चालेल. शेवटचे पाच मीटर आणखी हळू.

मॅकरेल नसेल तर अख्खी माकूल किंवा माकूल-मॅकरेल एकत्र. सांगाड्यावर पाऊटिंग या छोट्या माशांचे थवे असतात, ते आमिष टोकरत राहतात. रॉडच्या टोकाला बारीक टुकटुक येते ती त्यांची. माकूल चिवट असल्यामुळे त्या टोकरण्यात टिकते. दहा मिनिटांत आमिष वर काढून बघा, कातडंच उरलेलं असतं. आणि ती टुकटुक एकाएकी बंद झाली तर रॉड घट्ट धरा. पाऊटिंग उगाच पळत नाहीत, ते लिंगचं रोजचं खाणं आहे.

---

खोलपाणी

मनापासून आभार, इतकं सविस्तर कुठे मिळालं नव्हतं. दोन शंका उरल्या. २१० मीटर दोराला बांधलेला नांगर तिघांनी हाताने ओढायचा कसा? आणि पाणी थांबलं की बोट सांगाड्यावरून बाजूला जाईल, तेव्हा काय?

---

नांगरदोर

हाताने ओढायचा नाही. मोठा बोया आणि धातूची कडी लागते, त्याला अॅल्डर्नी रिंग म्हणतात. कडी दोरावर अडकवायची, बोया कडीला. दोर बोटीच्या नाकाशी बांधलेलाच ठेवायचा. मग इंजिनाने प्रवाहाच्या वर, दोराशी ३०-४० अंशांचा कोन ठेवून संथ पुढे जायचं. सरळ दोरावरून जाऊ नका, तो पंख्यात जातो. बोट पुढे जाते तसा दोर कडीतून सरकतो, नांगर तळावरून सुटतो आणि वर येऊन साखळीसकट बोयाला लटकतो. बोया पाण्यात खाली ओढला जाऊन पुन्हा वर आला आणि मागोमाग येत राहिला की नांगर सुटला. मग वेग सोडून, प्रवाहाबरोबर मागे येत, दोर सैल गोळा करायचा. शेवटी जे वजन उचलायचं ते फक्त बोटीजवळचं.

साखळी १० मीटर तरी हवी. ती नांगराच्या वरच्या कडीला नाही, बुडाशी शॅकलने जोडा, आणि वरच्या कडीशी दोन प्लास्टिकच्या केबल टायने बांधा. नांगर लोखंडात अडकला तर ओढल्यावर टाय तुटतात आणि ओढ बुडाकडून येते, नांगर उलटा निघतो. किती टाय ते किनाऱ्यावर ओढून तपासा. कमी पडले तर लाटेत आपोआप तुटतील. एक धारदार सुरी दोराजवळ हाताशी ठेवाच. काहीच निघत नसेल तर दोर कापायचा. मागच्या बाजूने दोर कधीच ओढायचा किंवा बांधायचा नाही. लहान बोटीची मागची कड प्रवाहात खाली ओढली गेली की पाणी आत यायला काही सेकंद पुरतात.

पाणी थांबण्याआधीचा दीड तास हा सर्वांत चांगला. प्रवाह मंदावतो, माशाला बाहेर यायला सोपं जातं, शिसं हलकं चालतं. पाणी पूर्ण थांबलं की बोट कुठेही वळते, तेव्हा नांगर काढा आणि त्या वेळात वाहत जाऊन मासेमारी करा. वेग जवळजवळ शून्य असतो, आमिष जहाजावर पाच-दहा मिनिटंही राहतं. ३००-४०० ग्रॅमचा पर्क (धातूचं जड खोटं आमिष) वापरत असाल तर त्याचा तीनतोंडी गळ काढून एकच ८/० लावा आणि मॅकरेलची पट्टी अडकवा. तीनतोंडी गळ लोखंडाचा सोबती आहे. तळाला टेकलं की लगेच दोन फेरे वर, सांगाडा साउंडरवर उठायला लागला की आणखी दहा-बारा फेरे, पलीकडे उतरला की पुन्हा खाली. जो साउंडर बघतोय त्याने मोठ्याने सांगत राहायचं. प्रवाह उलटा सुरू झाला की दुसऱ्या बाजूने पुन्हा नांगर.

अजून एक. नांगर टाकल्यावर नाकाकडे काळा गोळा (नांगरलेल्या बोटीची खूण) लावा. सात मीटरपेक्षा लहान बोटीला काही ठिकाणी सूट आहे, पण जिथून जहाजं नेहमी जातात तिथे नाही, आणि चॅनल तसाच आहे. व्हीएचएफ रेडिओचं चॅनल १६ चालू. नकाशावर संरक्षित अवशेष म्हणून गोल आखलेला असेल तर तिथे नांगर टाकू नका, १९७३ आणि १९८६ चे ब्रिटिश कायदे त्यासाठीच आहेत.

---

थंड_पेटी

लहान माशाचा प्रश्न मागे राहिला, आणि माझ्या मते तो आधी यायला हवा होता.

कायदेशीर किमान लांबी ६३ सेंटिमीटर, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. ओळखायला चूक होऊ नये म्हणून: अंग वामीसारखं लांब, पाठ तपकिरी-हिरवट, हनुवटीला एकच मिशी, पाठीवर दोन पर, पहिला आखूड आणि त्याच्या मागच्या बाजूला काळा ठिपका, दुसरा शेपटीपर्यंत लांबलचक.

अडचण अशी की ७० मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या आठपट असतो. वर येताना माशाच्या हवेच्या पिशवीतली हवा तितकी फुगते. म्हणूनच तो अर्ध्या वाटेवर लढणं सोडतो. लोकांना वाटतं दमला, पण तो फुगलेला असतो. वर आल्यावर डोळे बाहेर, जठर तोंडात. असा मासा नुसता सोडला तर पोट वर करून तरंगतो आणि समुद्रपक्षी त्याला संपवतात. पिशवी सुईने टोचू नका, आतलं काहीतरी फाटण्याचीच शक्यता जास्त. त्याऐवजी खाली सोडण्याची सोय आधीच तयार ठेवा: पाऊण-एक किलो शिशाला काटा काढलेला गळ उलटा बांधलेला, तो खालच्या ओठात हलकेच अडकवायचा आणि दुसऱ्या रॉडने मासा तळापर्यंत उतरवायचा. खाली दाब वाढला की पिशवी पुन्हा आवळते, एक झटका दिला की गळ सुटतो. मासा वाचेलच असं नाही, पण तरंगत मरण्यापेक्षा बरी संधी मिळते. मिनिटभरातच करायचं, फोटो काढत बसायचं नाही.

यातून सरळ निघतं ते हे की लिंग पकडून सोडण्याचा मासा नाही. निघण्याआधी आकडा ठरवा. तिघांना दोन-तीन मध्यम मासे भरपूर झाले. तेवढे मिळाले की तळाची जोडणी वर घ्या. लागोपाठ लहान येत असतील तर आमिष मोठं करा, तरीही येत असतील तर ती जागा सोडा.

ठेवायचा मासा गॅफने (दांड्याच्या आकड्याने) घ्यायचा तो हनुवटीखाली, पोटात नाही. तोंडात बोट घालू नका, मेला असं वाटत असतानाही जबडा मिटतो. लांब दांड्याच्या टी आकाराच्या हुकाने गळ काढा. लगेच डोक्यावर ठोका, कल्ल्याखालची नस कापा, पाच मिनिटं समुद्राच्या पाण्यात रक्त जाऊ द्या, मग पोट साफ करून बर्फात. पोट साफ करायला उशीर झाला तर तिथले किडे मांसात शिरतात. शिजवताना सबंध तुकडा आतपर्यंत ६० अंशांना पोचला पाहिजे. कच्चा किंवा अर्धवट खायचा असेल तर आधी उणे २० अंशांवर २४ तास.

---

सातवा_गळ

वरच्या शिशाच्या जुगाडाला एक पुरवणी: उलट्या गळाला बांधलेला दोर थेट गळाच्या वाकाला बांधा, गळाच्या डोळ्याला (भोकाला) नाही, आणि शिसं त्या डोळ्याला. नाहीतर वरून झटका दिल्यावर गळ सुटण्याऐवजी आणखी रुततो. किनाऱ्यावरच एखाद्या मेलेल्या मॅकरेलवर दोनदा करून बघा.